मृत्यूनंतर शरीर ताठ का होते?

घरात कोणी गेले की पहिल्या काही मिनिटांत कोणालाच काही सुचत नाही. कोणी डॉक्टरांना फोन करतो, कोणी गावच्या नातेवाइकांना. अशा वेळी घरातली किंवा शेजारची एखादी जाणती बाई पुढे होते. ती गेलेल्या माणसाच्या पापण्या हलक्या हाताने मिटते. जुन्या धुवट धोतराची पट्टी फाडून ती हनुवटीखालून डोक्यावर बांधते. हातपाय सरळ करते, पायांचे अंगठे एकत्र बांधते. "एवढी घाई कशाला?" असे कोणी विचारलेच, तर "आत्ताच करायला हवं, मागाहून होत नाही," एवढेच ती सांगते.

हे तिने कुठल्या पुस्तकात वाचलेले नसते. आईने केलेले तिने पाहिलेले असते, आईने आजीने केलेले. धर्माधर्मांचे अंत्यविधी वेगवेगळे असले, तरी डोळे मिटणे, जबडा बांधणे आणि अवयव सरळ करणे या गोष्टी हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा सर्वांच्या घरांत केल्या जातात आणि त्या लगेचच केल्या जातात. पहिले एक-दोन तास गेले की शरीर आपल्या म्हणण्याप्रमाणे वळत नाही, हा अनुभव सगळ्यांचा सारखाच आहे.

पण याच ताठरपणावरून नको नको ते बोललेही जाते. अंग मऊ राहिले तर माणूस पुण्यवान, मूठ वळलेली राहिली तर त्याची इच्छा अडकली. झोपेतच गेलेल्या आईचे अंग सकाळी ताठ लागले, तर कोणी शेजारी सहज बोलून जातो, "अहो, मध्यरात्रीच गेल्या असणार. कोणाला कळलंसुद्धा नाही?" ते वाक्य मुलगा पुढे वर्षानुवर्षे मनात बाळगतो. कधी तर "अंग इतक्या लवकर कसं कडक झालं?" या एका प्रश्नावरून घरातल्या सुनेकडे संशयाने पाहिले जाते.

म्हणूनच या ताठरपणाचा खरा अर्थ काय आणि त्यावरून कोणते निष्कर्ष काढता येत नाहीत, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असायला हवे. वैद्यकशास्त्रात त्याला 'रायगर मॉर्टिस' असे लॅटिन नाव आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'मृत्यूचा ताठरपणा'. मराठीत त्याला मरणोत्तर काठिण्य म्हणतात.

सैल होण्यासाठीही शक्ती लागते

आपली अशी समजूत असते की, स्नायू आवळायला शक्ती लागते आणि शक्ती संपली की तो आपोआप सैल पडतो. दमलेला माणूस अंग टाकून देतो, तसे. मग ज्या शरीरातली सगळी शक्ती संपली, ते लाकडासारखे कडक कसे होते?

याचे उत्तर स्नायूच्या रचनेत आहे. स्नायूच्या प्रत्येक तंतूमध्ये दोन प्रकारच्या प्रथिनांचे अतिसूक्ष्म धागे एकमेकांशेजारी मांडलेले असतात. बारीक धागे ॲक्टिनचे आणि जाड धागे मायोसिनचे. मायोसिनच्या धाग्याला बाजूंनी असंख्य छोटी डोकी फुटलेली असतात. स्नायू आकुंचन पावतो, तेव्हा ही डोकी शेजारचा ॲक्टिनचा धागा पकडतात, ओढतात, सोडतात आणि थोडे पुढे जाऊन पुन्हा पकडतात. विहिरीतून पाणी शेंदताना आपले हात दोर जसा धरतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पुढे धरतात, तसेच हे काम चालते.

या कामासाठी लागणाऱ्या इंधनाचे नाव ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट, थोडक्यात एटीपी. गंमत अशी की मायोसिनच्या डोक्याला पकड सोडायला एटीपीचा नवा कण लागतो. तो येऊन चिकटला की पकड सुटते. तो आला नाही, तर डोके धाग्याला धरून तसेच राहते. म्हणजे सैल पडण्यासाठीसुद्धा स्नायूला इंधन खर्च करावे लागते.

दुसरे कारण कॅल्शियमचे. पकड घेण्याचा इशारा स्नायूला कॅल्शियममुळे मिळतो. एरवी हे कॅल्शियम पेशीतल्या खास पिशव्यांत बंद करून ठेवलेले असते आणि ते तिथे परत ढकलण्याचे कामही एटीपीवरच चालते. इंधन संपत आले की कॅल्शियम बाहेर झिरपते. पकड घ्या, असा इशारा तर मिळत राहतो, पण सोडायला बळ नसते.

जिवंतपणी ही वेळ येत नाही. आपण दिवसभरात जेवढे एटीपी बनवतो आणि खर्च करतो, त्याचे वजन साधारण आपल्या स्वतःच्या वजनाइतके भरेल, असा हिशेब शास्त्रज्ञ मांडतात. पण शिल्लक म्हणून हाताशी फारच थोडे असते. श्वास आणि रक्ताभिसरण थांबले की प्राणवायूचा पुरवठा बंद होतो. तरीही स्नायूतल्या पेशी लगेच हार मानत नाहीत. क्रिएटिन फॉस्फेट नावाचा राखीव साठा त्या आधी वापरतात. मग साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, प्राणवायूशिवाय जाळून थोडे एटीपी मिळवतात. त्यातून लॅक्टिक आम्ल साचते आणि शेवटी तीही वाट बंद होते. तोवर शरीर मऊच असते. त्यानंतर एकेक तंतू पकड घेऊन अडकत जातो आणि स्नायू कडक होतो.

एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. या ताठरपणात स्नायू फारसा आखडत नाही. ज्या स्थितीत अवयव असतो, त्याच स्थितीत तो घट्ट होतो. कोपर दुमडलेले असेल तर दुमडलेले, तोंड उघडे असेल तर उघडे. हनुवटीच्या पट्टीमागचे शास्त्र ते हेच. मृत्यूनंतर आधी जबड्याचे स्नायू ढिले पडतात आणि तोंड उघडते. ते त्या वेळी मिटवून बांधले, तर पुढे मिटलेलेच राहते.

शोधाची वाटचाल

प्रेत ताठ होते हे माणसाला पुरातन काळापासून ठाऊक होते. पण ताठरपणा कोणत्या क्रमाने येतो, याची पद्धतशीर नोंद केली ती पिएर निस्टेन या वैद्याने. १८११ मध्ये त्याने फ्रान्समध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. जबडा आणि मानेपासून सुरुवात होऊन ताठरपणा खाली पायांकडे जातो, हा त्याचा निष्कर्ष आजही 'निस्टेनचा नियम' म्हणून शिकवला जातो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर व्हिल्हेल्म क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाला वाटले की, रक्त जसे गोठते तसे स्नायूतले एखादे प्रथिन गोठत असावे. ते शोधता शोधता त्याने स्नायूतून एक पदार्थ वेगळा केला आणि १८६४ मध्ये त्याला 'मायोसिन' हे नाव दिले. गोठण्याची कल्पना पुढे मागे पडली, पण नाव टिकले.

यानंतरच्या दुव्यात एका भारतीयाचे नाव येते. आंध्रातल्या भीमावरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव १९२३ मध्ये अमेरिकेला गेले. हार्वर्ड विद्यापीठात सायरस फिस्के यांच्याबरोबर काम करताना १९२७ मध्ये त्यांनी स्नायूतले क्रिएटिन फॉस्फेट शोधले आणि १९२९ मध्ये एटीपी. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही स्वतंत्रपणे एटीपी शोधून काढले. मेल्यानंतर स्नायूत जे दोन साठे एकामागून एक संपतात, त्या दोन्हींच्या शोधात या माणसाचा हात होता. १९४८ मध्ये सुब्बाराव वारले. भारतीय टपाल खात्याने १९९५ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

कोडे सुटले ते हंगेरीतल्या सेगेड गावी, तेही दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत. जीवनसत्त्व 'क'शी निगडित संशोधनासाठी १९३७ चे नोबेल मिळवलेले अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी तिथे स्नायूंवर काम करीत होते. त्यांचे सहकारी ब्रूनो श्ट्राउब यांनी १९४२ मध्ये ॲक्टिन वेगळे केले. त्याच प्रयोगशाळेतल्या एर्डोश यांनी १९४३ मध्ये दाखवून दिले की, मृत्यूनंतर स्नायूतले एटीपी जसजसे घटते, तसतसा स्नायू ताठ होत जातो. पुढे १९५४ मध्ये आकुंचनाच्या वेळी धागे एकमेकांवरून सरकतात हे सिद्ध झाले आणि चित्र पूर्ण झाले.

पापण्यांपासून पायांपर्यंत

मृत्यूनंतर आधी सगळे स्नायू सैल पडतात. त्यानंतर ताठरपणा येतो, तो काही काळ टिकतो आणि मग शरीर पुन्हा मऊ होते. या तीन अवस्था सर्वांच्या बाबतीत याच क्रमाने येतात.

बाहेरून दिसत नाही, पण सर्वांत आधी हृदयाचा स्नायू ताठ होतो. बहुधा तासाभरातच. बाहेरच्या स्नायूंत पापण्या आधी, मग जबडा, मान आणि चेहरा. त्यानंतर छाती व हात, पोट, पाय आणि शेवटी हातापायांची बोटे. प्रत्यक्षात ही क्रिया सर्व शरीरात एकदमच सुरू होते. पण पापणीसारख्या छोट्या स्नायूत ती लवकर जाणवते आणि मांडीसारख्या मोठ्या स्नायूत उशिरा.

आपल्या देशाच्या हवामानात ताठरपणा साधारण एक ते दोन तासांत जाणवू लागतो. सर्व शरीरात पसरायला त्याला बारा तासांच्या आसपास लागतात. उन्हाळ्यात तो एकूण १८ ते ३६ तास टिकतो, हिवाळ्यात २४ ते ४८ तास. थंड देशांत तो उशिरा येतो आणि दोन-तीन दिवसही राहतो. यामुळेच विलायती ग्रंथांतले आकडे इथे जसेच्या तसे लावून चालत नाही. लखनौच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या डॉ. जयसिंग मोदी यांनी १९२० मध्ये न्यायवैद्यकावरचा आपला ग्रंथ लिहिला. भारतीय डॉक्टरांना आणि वकिलांना इथल्या परिस्थितीला धरून लिहिलेले एक पुस्तक त्यामुळे मिळाले.

शेवटी शरीर पुन्हा सैल होते, ते काही इंधन परत आले म्हणून नव्हे. पेशीतली पाचक द्रव्ये प्रथिनांचे धागेच तोडू लागतात आणि कुजण्याची क्रिया सुरू होते. एकदा असा सैल झालेला स्नायू पुन्हा ताठ होत नाही.

काही वेळा प्रेताच्या अंगावर काटा आलेला दिसतो, केस उभे राहिलेले दिसतात. "शेवटच्या क्षणी काहीतरी पाहून घाबरला असेल," असे लोक म्हणतात. कारण साधे आहे. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक चिमुकला स्नायू असतो. तोही ताठ होतो आणि केस उभा राहतो.

वेळ सांगणारे घड्याळ नव्हे

रहस्यकथांतला डॉक्टर प्रेताचा हात उचलून पाहतो आणि "मृत्यू रात्री साडेअकराला झाला" असे सांगून टाकतो. खरा डॉक्टर असे कधी करीत नाही. कारण ताठरपणा किती वेगाने येईल, हे अनेक गोष्टींवर अवलंबून असते.

पहिली गोष्ट उष्णता. ऊन जास्त तेवढी रासायनिक क्रिया वेगवान. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे किंवा राजस्थानात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा ताठरपणा झपाट्याने येतो आणि झपाट्याने जातोही. त्या दिवसांत दुसरी कसोटीही निरुपयोगी ठरते. प्रेत किती थंड झाले आहे यावरून मृत्यूची वेळ काढतात. पण बाहेरची हवाच शरीराहून गरम असेल, तर शरीर थंड होणार कसे?

दुसरी गोष्ट मृत्यूपूर्वीची अवस्था. माणूस धावपळ करून, झटापटीत किंवा फेफऱ्याचे झटके येऊन गेला असेल, त्याला खूप ताप असेल किंवा उष्माघात झाला असेल, तर स्नायूंचा साठा आधीच रिता झालेला असतो. अशा वेळी अंग फार लवकर ताठ होते. कुचल्यासारख्या विषाने झटके येऊन मृत्यू आला तरी तसेच घडते. पण याचा उलटा अर्थ लावता येत नाही. लवकर ताठ झाले म्हणजे विषच दिले, असे मुळीच नाही. तापाने फणफणलेला म्हातारा माणूसही तितक्याच लवकर ताठ होऊ शकतो. विष होते की नाही, हे रासायनिक तपासणीच सांगू शकते.

तिसरी गोष्ट शरीरयष्टी. धडधाकट, पिळदार शरीरात ताठरपणा सावकाश येतो, जोरकस असतो आणि टिकतो. लहान मुले, वृद्ध आणि दीर्घ आजाराने खंगलेल्यांच्या बाबतीत तो लवकर येतो, सौम्य असतो आणि लवकर ओसरतो. कधीकधी तर तो जाणवतही नाही. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे शरीर अखेरपर्यंत मऊ राहिले, तर त्याचे कारण पाप-पुण्यात शोधायला नको. झिजलेल्या स्नायूंत कडक होण्याजोगे फारसे उरलेलेच नसते.

एवढ्या गोष्टी लक्षात घेतल्या की डॉक्टर फक्त काही तासांचा पल्ला सांगतात. तोसुद्धा शरीराचे तापमान, त्वचेवर साकळलेल्या रक्ताचे डाग, पोटातले अन्न आणि आजूबाजूची परिस्थिती हे सारे एकत्र जुळवून. प्रेत तपासले ती वेळ आणि त्या वेळी ताठरपणा कुठवर पोहोचला होता, याची नोंद म्हणूनच महत्त्वाची असते. अवयवांची ठेवण गुरुत्वाकर्षणाशी विसंगत असेल, म्हणजे पालथ्या प्रेताचा हात हवेत तसाच राहिला असेल, तर ते ताठ झाल्यावर कोणीतरी हलवले आहे, एवढे मात्र ठामपणे म्हणता येते.

सकाळी अंथरुणात आई गेलेली आढळली, त्या मुलाने म्हणून एवढे ऐकून ठेवावे. आईचे अंग ताठ होते, यावरून ती रात्री बाराला गेली की पहाटे चारला, हे कोणी सांगू शकत नाही. शेजारी तर नाहीच नाही. आणि ती झोपेतच गेली असेल, तर जागे राहूनसुद्धा बहुधा काही कळले नसते.

तसाच दिसणारा, पण वेगळा ताठरपणा

मरणोत्तर काठिण्यासारख्या दिसणाऱ्या आणखी काही अवस्था आहेत. त्यांची गल्लत झाली की मोठा घोटाळा होतो.

चितेवर प्रेत उठून बसते, असे गावोगावी सांगितले जाते. त्यात पूर्ण खोटे काही नाही. तीव्र आचेने स्नायूतली प्रथिने साकळतात, अंडे उकडल्यावर होते तशी, आणि स्नायू आखडतात. हातपाय दुमडणारे स्नायू ताणणाऱ्या स्नायूंहून बळकट असल्याने कोपर आणि गुडघे वाकतात, धड उचलल्यासारखे दिसते. यात एटीपीचा काही संबंध नाही आणि प्राणाचा तर अजिबातच नाही.

हीच गोष्ट जळून झालेल्या मृत्यूंत फार महत्त्वाची ठरते. अशा देहाच्या मुठी वळलेल्या आणि हात मुष्टियोद्ध्यासारखे उगारलेले असतात. पाहणारा म्हणतो, बिचारीने झुंज दिली असणार. पण जिवंतपणी जळाले काय किंवा मेल्यावर जाळले काय, ही ठेवण दोन्ही वेळा तशीच येते. आग लागली तेव्हा ती स्त्री जिवंत होती का, हे ठरते श्वासनलिकेत सापडणाऱ्या काजळीवरून आणि रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडवरून. आपल्या देशात हुंडाबळीसाठी १९८६ मध्ये दंड संहितेत ३०४-ब हे कलम घालावे लागले. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ८० आहे. लग्नानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा जळून किंवा संशयास्पद मृत्यू झाला, तर शवविच्छेदनातल्या अशा बारकाव्यांवर न्याय अवलंबून असतो.

क्वचित असेही आढळते की, मृत्यूच्या क्षणीच एखादा स्नायू सैल न पडता थेट घट्ट होतो. बुडालेल्याच्या मुठीत पाणवनस्पती किंवा गवत घट्ट धरलेले सापडते, ते असे. मात्र ही अवस्था दुर्मीळ आहे आणि सगळेच तज्ज्ञ तिच्याविषयी एकमताचे नाहीत.

थंडीने आलेला ताठरपणा आणखी निराळा. बर्फात किंवा शवपेटीत ठेवलेल्या प्रेतातली चरबी आणि द्रव थिजून ते कडक होते. पण कडाक्याच्या थंडीत गारठून बेशुद्ध पडलेला जिवंत माणूसही कधीकधी ताठ आणि गार लागतो, त्याची नाडी हाताला लागत नाही. डोंगरात किंवा थंड पाण्यात असा माणूस सापडला, तर त्याला मृत समजू नये. ऊब देत देत रुग्णालयात न्यावे. असे लोक वाचल्याची उदाहरणे वैद्यकात आहेत.

बाजारातही तीच ओळख

विषय थोडा वेगळा वाटेल, पण हाच ताठरपणा आपल्याला मासळीबाजारात रोज भेटतो. कोळीण बांगडा डोक्याकडून धरून आडवा करते. तो वाकला नाही, ताठ राहिला, तर गिऱ्हाईक समजते की मासा ताजा आहे. बर्फात ठेवलेल्या मासळीत ही अवस्था जास्त वेळ टिकते. ती ओसरली की मांस मऊ पडते आणि बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहतो.

मटणाचेही तसेच. बोकड कापल्यावर लगेच शिजवले तर मांस मऊ लागते. काही तासांनी, ताठरपणा भरात असताना शिजवले तर चिवट लागते. गारव्यात ठेवले की पुन्हा मऊ होते. न्यूझीलंडमधून परदेशी जाणारे कोकराचे मांस झटपट गोठवल्यामुळे चिवट होत असे. आत इंधन शिल्लक असतानाच स्नायू फार थंड केला तर तो जोराने आखडतो, हे तिथल्या लॉकर आणि हॅगयार्ड यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर गोठवण्याच्या पद्धती बदलल्या.

घरच्यांनी काय करावे?

घरी मृत्यू झाला तर प्रथम डॉक्टरांना बोलावून खात्री करून घ्यावी. पहिला तास-दीड तास शरीर मऊ आणि कोमट असते. तेवढ्यावरून ते जिवंत आहे असेही समजू नये आणि मृत आहे असेही परस्पर ठरवू नये. मृत्यूचे कारण नमूद केलेला डॉक्टरांचा दाखला घ्यावा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते.

मृत्यू नैसर्गिक असेल, आजारपण डॉक्टरांना माहीत असेल, तर पापण्या मिटाव्यात, हनुवटी बांधावी, हातपाय सरळ करावेत, बोटांतल्या अंगठ्या, हातातल्या बांगड्या काढायच्या असतील तर त्याच वेळी काढाव्यात. हे सर्व पहिल्या तासाभरात सहज होते.

उशीर झाला आणि अंग ताठले, तर ओढाताण करू नये. वृद्धांची हाडे ठिसूळ असतात, ती मोडू शकतात. सांधा हळूहळू चोळत, थोडा थोडा हलवत गेल्यास बहुतेक वेळा सैल होतो. नाही झाला तर तसाच राहू द्यावा. कपडे घालताना अडले, तर कपडा मागून उसवून घालता येतो. दूरगावच्या मुलाची वाट पाहायची म्हणून बर्फात किंवा शवपेटीत ठेवायचे असेल, तर अवयव आधी नीट ठेवावेत. गारव्याने ताठरपणा लांबतो.

नेत्रदानाची इच्छा असेल तर ताठरपणाची भीती बाळगू नये. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे बुबुळावरच्या स्वच्छपटलात, स्नायू नसतात. पण ते सहा तासांच्या आत काढावे लागते. म्हणून जवळच्या नेत्रपेढीला लगेच कळवावे. पापण्या मिटून त्यांवर स्वच्छ ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी. पथक घरी येते आणि पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपते. चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा असलेले, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले, मधुमेही यांचेही डोळे चालतात.

मात्र मृत्यू अपघाती, आकस्मिक किंवा संशयास्पद असेल, तर या साऱ्यातले काहीही करू नये. हातपाय सरळ करू नयेत, अंग धुऊ नये, कपडे बदलू नयेत. पोलिसांना कळवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे ते पंचनामा करतात आणि गरज वाटल्यास शवविच्छेदनासाठी पाठवतात. प्रेमापोटी सरळ केलेला एक हातसुद्धा तपासातला पुरावा पुसून टाकू शकतो. घरातल्या निरपराध माणसावर आळ आला, तर तोच पुरावा त्याला सोडवणारा असू शकतो.

घरात मृत्यू होतो तेव्हा माणसे आधीच खचलेली असतात. त्या वेळी मुठीवरून, उघड्या डोळ्यांवरून किंवा ताठ अंगावरून कोणी तर्क लढवू लागले, तर त्याला शांतपणे थांबवावे. जन्मभर पकडणारे आणि सोडणारे स्नायू शेवटी सोडायला लागणारे इंधन संपल्यामुळे थांबतात आणि दोनेक दिवसांत आपोआप सैल होतात. त्यात गेलेल्याचे पाप नसते आणि राहिलेल्यांचा दोष नसतो.